बोरूपासून पडद्यापर्यंत : र. कृ. जोशी यांची अक्षरसाधना

२००० सालापासून विंडोज प्रणालीबरोबर ‘मंगल’ हा देवनागरी टंक घरोघरीच्या व कचेरीकचेरीतल्या संगणकांवर येऊन पोहोचू लागला. परंतु ज्या अक्षरांवर आपली नजर वर्षानुवर्षे फिरत आली, ती बोरू, कुंचला आणि शाई यांच्याशी आयुष्यभर झटलेल्या एका मराठी माणसाच्या हातून उतरली, हे त्या टंकातून वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) हे त्यांचे नाव. जाहिरातक्षेत्रातील कलादिग्दर्शक, शब्दांना दृश्यरूप देणारा कवी, पवईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील अध्यापक अशी त्यांची अनेक रूपे होती. पण त्या सर्वांच्या मुळाशी एकच निष्ठा होती, आणि ती अक्षराची.

या निष्ठेचा उगम हातात आहे. देवनागरीचा बोरू रोमन लेखणीच्या उलट दिशेने तिरपा कापावा लागतो. त्यामुळे उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ भरदार येते आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. ‘र’चे वळण काढून पाहावे : वरची गोलाई भरते, खाली सरकणारा पाय निमुळता होतो. ज्याने कित्ता गिरवला नाही, त्याला हा जाड-बारीकपणा म्हणजे निव्वळ अलंकार वाटतो. जोशींच्या पिढीने तो लिपीचा स्वभाव म्हणून ओळखला होता, म्हणूनच यंत्राच्या दारी जाताना त्यांना हातातले वळण टाकून जावे लागले नाही.

यंत्राच्या दारी मात्र त्या काळी पुरती बेबंदशाही होती. महाजालाच्या आरंभी प्रत्येक मराठी वृत्तपत्राचा टंक निराळा आणि त्याची संकेतपद्धतीही निराळी. तो टंक वाचकाने स्वतः उतरवून घेतला नाही, तर बातमीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोडने प्रत्येक वर्णाला एक कायमचा क्रमांक दिला, पण क्रमांक म्हणजे अक्षर नव्हे. ‘किती’ लिहिताना ‘क’ आधी साठवला जातो आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र वेलांटी आधी उभी राहावी लागते. ‘कीर्ती’मधील ‘र’ साठवणुकीत ‘त’च्या आधी येतो, तर दिसताना तो रफार होऊन ‘ती’च्या दीर्घ वेलांटीच्या माथ्यावर जाऊन बसतो, आणि तेथे वेलांटी व रफार यांनी एकमेकांना धक्का न देता नांदावे, यासाठी त्या जोडीचे स्वतंत्र चित्र काढणे श्रेयस्कर ठरते. छापखान्यातील जुळारी हे काम खिळे निवडून करीत असे. ओपनटाइप या टंक घडविण्याच्या पद्धतीत तेच नियम टंकाच्या पोटातच लिहून ठेवावे लागतात. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात जोशींनी ‘मंगल’च्या निमित्ताने हे काम केले, आणि देवनागरीवर न थांबता तमिळसाठी ‘लता’, गुजरातीसाठी ‘श्रुती’ असे अन्य भारतीय लिप्यांचे टंकही घडविले.

‘मंगल’ हे जोशींचे सर्वांत सुंदर काम आहे, असे मी म्हणणार नाही. तत्कालीन पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांत अक्षर स्पष्ट उमटावे, ही त्याची पहिली अट होती. बोरूची ऐट तेथे बेताचीच उतरणार. तथापि नियमांचा जो भक्कम पाया त्यात घातला गेला, त्याची थोरवी मला सौंदर्याहून अधिक वाटते. ‘रघु’ हा त्यांचा टंक मुक्त परवान्याखाली सर्वांच्या हाती आला. पुढे मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’, ‘बालू’ आणि गुबगुबीत अंगाचा ‘मोदक’ असे टंक महाजालावर विनामूल्य उपलब्ध केले. आता टंक वाचकाने उतरवून घ्यावा लागत नाही, तो पानाबरोबरच येतो.

एक उणीव मात्र अजून सलते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत, आणि ‘मंगल’सह बहुतेक टंक हिंदी वळणेच प्रथम दाखवितात. आज टंकातच मराठीसाठी निराळी तजवीज करता येते आणि काही टंकांत ती केलेलीही आहे. परंतु पानाची भाषा मराठी आहे, अशी नोंद पानाच्या सांकेतिक मजकुरात केलेली नसेल, तर ती तजवीज निजलेलीच राहते. मराठी वृत्तपत्रे, प्रकाशनसंस्था आणि शासकीय कचेऱ्या यांच्या संकेतस्थळांचा कारभार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ही तजवीज असलेला टंक निवडावा आणि ती एका ओळीची नोंद आपल्या प्रत्येक पानावर करावी, एवढी त्यांना आग्रहाची विनंती आहे.