चुरगळणारी गाडी कोणाची?

मुलांनो, अपघातात गाडीचे नाक पार चेपलेले दिसले की आपण म्हणतो, "काय तकलादू गाडी!" पण तो भाग मुद्दामच चुरगळेल असा बनवलेला असतो. जर्मनमध्ये त्याला 'क्नाउट्शत्सोने' म्हणतात.

नारळ आठवा. न सोललेला नारळ झाडावरून पडला तरी करवंटी सहसा फुटत नाही, कारण बाहेरचे जाड सोडण मार खाते. गाडीतही माणसे बसतात तो भाग करवंटीसारखा मजबूत आणि पुढचा-मागचा भाग सोडणासारखा असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी १० सेंटिमीटरमध्ये थांबली तर जेवढा धक्का बसेल, त्याच्या सरासरी पाचव्या हिश्शाइतकाच धक्का ती अर्धा मीटर चुरगळत थांबल्यास बसतो.

ही कल्पना बेला बारेन्यी यांची. त्यांचा जन्म १९०७ मध्ये ऑस्ट्रियात झाला. विद्यार्थी असताना, १९२५ च्या सुमारास, त्यांनी मागे इंजिन असलेल्या एका लोकगाडीचा आराखडा काढला होता. पुढे आलेली 'केफर' (बीटल) गाडी त्याच्याशी मिळतीजुळती होती. पण आराखड्याला पेटंटचे पुरेसे संरक्षण नव्हते. १९५० च्या दशकात वाद मॅनहाइमच्या न्यायालयात गेला आणि मूळ कल्पनेचे श्रेय त्यांना मिळाले, तेही जवळजवळ तीस वर्षांनी!

चुरगळणाऱ्या भागाचा कागद मात्र पक्का होता. डाइमलर-बेंझमध्ये असताना २३ जानेवारी १९५१ रोजी अर्ज झाला आणि २८ ऑगस्ट १९५२ रोजी पेटंट क्रमांक ८५४१५७ मंजूर झाले. मधला भाग सर्वांत मजबूत आणि टोकांकडे मजबुती कमी कमी होत जाणारी, असे त्यात लिहिले होते. पेटंटच्या वादात असे शब्दच महत्त्वाचे ठरतात. दुसऱ्याची गाडी त्या शब्दांत बसते का, हे न्यायालय पाहते. १९५९ मध्ये या रचनेची पहिली मर्सिडीज बाजारात आली.

पेटंटला मराठीत 'एकस्व' म्हणतात. पण हा हक्क कायमचा नसतो. शोध सर्वांना उघड करून सांगायचा आणि त्याबदल्यात ठरावीक वर्षे हक्क मिळवायचा, असा हा सौदा आहे. तेव्हा जर्मनीत ही मुदत जास्तीत जास्त १८ वर्षे होती, आज २० आहे. मुदत संपली की शोध सर्वांचा होतो. म्हणूनच आज साध्या गाडीलाही हे 'सोडण' असते.

आता विचार करा: जीव वाचवणाऱ्या शोधासाठी जगाने इतकी वर्षे थांबावे का? आणि हक्कच मिळणार नसेल, तर शोधासाठी कोण खपेल? पुढच्या वर्गाला पाच ओळी लिहून आणा.