प्लिमथ आणि इम्पाला : मुंबईतील दोन अमेरिकन मोटारींचा तौलनिक विचार

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ मध्ये क्रायस्लर समूहाच्या डॉज व प्लिमथ मोटारींची जुळणी सुरू झाली. पुढे १९६०च्या दशकात मुंबईत श्रीमंतीची खूण ठरली ती शेव्हरोलेची इम्पाला. दोन्ही मोटारी ‘मोठ्या’ म्हणूनच ओळखल्या जातात. परंतु त्यांचा मोठेपणा एका जातीचा नाही.

१९४७ची प्लिमथ सुमारे ५०० सेंमी लांब, तर १९६५ची इम्पाला सुमारे ५४१ सेंमी. पुढील व मागील चाकांमधील अंतर मात्र अनुक्रमे २९७ व ३०२ सेंमी. प्रवाशांची बैठक याच अंतरात सामावलेली असते. म्हणजे वाढलेल्या ४१ पैकी ३६ सेंमी चाकांच्या पुढे आणि मागे, बहुतांशी दिखाव्यात खर्च झाले. उंची तर उलट घटली. क्रायस्लरचे तत्कालीन प्रमुख के. टी. केलर यांचा आग्रह असे की, टोपी न काढता मोटारीत बसता आले पाहिजे. त्या काळच्या टोपी-पागोट्याच्या मुंबईला ही दृष्टी सोयीचीच म्हणावी लागेल.

प्लिमथचे सहा सिलिंडरांचे, ३.६ लिटरचे इंजिन ९५ अश्वशक्तीचे होते. त्याच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला असल्यामुळे वरचे झाकण साधे असे; ते उतरवून साठलेला कार्बन खरवडणे सामान्य मेकॅनिकलाही जमे. दाब कमी असल्याने हलके पेट्रोलही चाले. इम्पालाचे आठ सिलिंडरांचे, ४.६ लिटरचे इंजिन १९५ अश्वशक्ती देई. त्याला पेट्रोल अधिक व चांगल्या प्रतीचे लागे.

खरा भेद मात्र यंत्रापेक्षा धोरणात आढळतो. जनरल मोटर्स १९२८पासून मुंबईत शेव्हरोले जुळवीत होती. टॅरिफ कमिशनच्या १९५३च्या अहवालानंतर सुटे भाग येथेच बनविण्याची योजना नसलेल्या कंपन्यांना वाव उरला नाही आणि १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला. इम्पालाचा जन्म १९५८चा. त्यामुळे एकेकाळी शेव्हरोले जुळविणाऱ्या याच शहरात ती जहाजातून तयार स्वरूपात उतरली. येथील कामगाराच्या वाट्याला तिची फक्त दुरुस्ती आली. कुर्ल्यात मात्र अमेरिकन मोटारींच्या जुळणीवर तयार झालेला हात पुढे फियाट ११००कडे वळला. तिचाच पुढील अवतार असलेली पद्मिनी २०२३पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावत होती.