बोरूची जाडी आणि खिळ्यांची काटकसर

शिवाजी पार्कजवळच्या सावरकर सदनात वि. दा. सावरकर १९३८ पासून १९६६ साली निधन होईपर्यंत राहिले. त्यांच्या राजकारणावर आजही वाद झडतात. छापखान्यातल्या माणसाला मात्र ते इ, ई, उ, ऊ या अक्षरांमुळे आठवावेत. ही स्वतंत्र अक्षरं काढून टाका, अ लाच वेलांट्या आणि उकार द्या. म्हणजे अि, अी, अु, अू. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतली ही लिपिशुद्धीची चळवळ. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती लिपी वर्षानुवर्षं छापलीसुद्धा.

आज हे वाचताना डोळ्यांत खुपतं, पण त्यामागचा हिशेब खरा होता. इंग्रजी जुळाऱ्यासमोर सव्वीस अक्षरांची दोन रूपं आणि किरकोळ चिन्हं. मराठी जुळाऱ्यासमोर जोडाक्षरं, काने, मात्रा धरून शेकडो खिळे, म्हणजे धातूचे सुटे टाईप. जावजी दादाजींनी १८६४ साली टाईपाचा कारखाना काढला आणि पुढे निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी तिथे पोलादावर ठसे कोरले. त्या अक्षराचं वळण इतकं डौलदार, की संस्कृत ग्रंथ म्हटला की अजून तेच डोळ्यांसमोर येतं. पण त्या डौलाची किंमत खिळ्यांच्या संख्येत मोजावी लागे. सावरकरांना यंत्रासाठी लिपी छाटायची होती. आता यंत्रच इतकं बदललंय की छाटण्याचं कारण उरलेलं नाही. नव्या फाँटचं मूल्यमापन करताना मी इथूनच सुरुवात करतो.

पुस्तकी मजकुरासाठी रोमन लिपीत सेरिफ टाईप वापरतात. अक्षराच्या टोकांना बारीक पाय, रेषेत जाड-बारीक. लंडनच्या ‘टाइम्स’ दैनिकासाठी १९३२ साली आलेला टाइम्स न्यू रोमन सर्वांच्या ओळखीचा. देवनागरीला असे पाय नाहीत, आणि ते चिकटवण्याचे प्रयोग बहुधा हास्यास्पद दिसतात. आपल्याकडे सेरिफचं काम बोरूची जाडी करते. शिवाय आपल्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट. रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेष जाड येते. देवनागरीत तीच बारीक. र चा पाय पाहा, निमुळता होत खाली उतरतो. इंग्रजी फाँटची जाडी उचलून तशीच मराठीला लावली, की अक्षर परकं वाटतं आणि का ते सांगता येत नाही.

एक वजन, म्हणजे रेषेची एकच जाडी, काढून भागत नाही. मजकूर, उपशीर्षक, शीर्षक अशा प्रत्येकासाठी वेगळं वजन, म्हणजे अख्खं कुटुंब लागतं. खरी परीक्षा ठळक वजनात. शेजारच्या अक्षराशी अंतर राखायचं, म्हणून जाडी आत सरकते. क ची वाटी आणि क्ष च्या पोटातला पांढरा भाग बुजू लागतो. मग आतल्या रेषा बारीक ठेवून बाहेरच्या जाड करायच्या, पण वाचकाला हा डाव कळता कामा नये. ‘सर्वांनी’ या साध्या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच ठिकाणी चढतात. त्यांना जागा द्यावी तर ओळी एकमेकींपासून लांब जातात, न द्यावी तर वरच्या ओळीच्या उकाराला टक्कर. अक्षरकार कमल शेडगे यांनी ‘मत्स्यगंधा’ नाटकाचं शीर्षक रेखाटलं, ती अक्षरं तेवढ्या एका नावासाठी होती. फाँटमधल्या त ला मात्र कुठल्याही अक्षराशेजारी गुण्यागोविंदाने नांदावं लागतं.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य विभागाला १२८ जागा आहेत. जोडाक्षरं फाँटच्या आतल्या नियमांनी जुळतात. त्यातलं मराठीचं खास दुखणं म्हणजे ऱ्य. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि खोरी इतका फरक, आणि तो दाखवायला एवढीशी चंद्रकोर. दुसरं दुखणं ल आणि श यांच्या मराठी वळणांचं. काही फाँटमध्ये ती असतात, पण मजकूर मराठी आहे हे संगणकाला सांगितलं नाही तर हिंदी वळणं उमटतात. पानं लावणाऱ्यांना हे माहीत नसतं, म्हणून एकाच दिवाळी अंकात दोन्ही ल सापडतात.

अलीकडची दोन नावं सांगतो. वैभव सिंह यांचा एकझार: रोमन आणि देवनागरीचा एकत्र विचार करून काढलेला, पाच वजनांचा. आणि टायरो देवनागरी मराठी, ज्याचं नावच मराठी वळणांची ग्वाही देतं. एकझारला तिरकं रूप नाही, टायरोला ठळक वजन नाही. तिरक्याचं मला दुःख नाही. ती इंग्रजीची सवय आहे, आपल्या पोथ्यांत जोर द्यायला लाल शाई पुरत असे. ठळक वजनाविना मात्र अंक निघत नाही. दोन्ही फुकट मिळतात, तरी आपले बहुतेक अंक वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्याच त्या फाँटवर चालले आहेत. शीर्षकांवर हौस आणि मजकुरावर कंजुषी, असा हा प्रकार आहे.

दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. मुखपृष्ठाच्या आणि आतल्या चित्रांच्या चित्रकारांची नावं तुम्ही श्रेयनामावलीत छापता. तिथेच आणखी एक ओळ घाला: मजकुराचा फाँट कोणता आणि तो कोणी काढला.