कोणतं पाणी टाकायचं

भाजी चिरण्याआधी धुवा. शिजवताना झाकण ठेवा. शिजवलेलं पाणी फेकू नका, त्यात जीवनसत्त्वं असतात. अंगणवाडीच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यावर हे तिन्ही नियम ठळक छापलेले होते. तक्त्याखालच्या चुलीवर एक आजी वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, उकळत होत्या. गंजावर झाकण नव्हतं आणि पाणी फेकायचं हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातलं धानपट्ट्यातलं गाव, श्रावणातली दुपार. सेविकेने गावातल्या नव्या सुनांना बोलावलं होतं, घरचं जेवण विषबाधेशिवाय कसं करायचं ते दाखवायला. त्यातल्या दोघी वरोरा-वणीकडच्या कापूसपट्ट्यातून आलेल्या. त्यांनी बांबूचा कोंब आयुष्यात शिजवला नव्हता. इकडे मात्र पावसाळ्यात आठवडी बाजारात पळसाच्या पानांवर वास्त्यांचे ढीग लागतात आणि सासरी ती भाजी करावीच लागते. रानभाजी शिकवणारी आई माहेरी राहते आणि खाणारं घर सासरी असतं, ही अडचण कुठल्याच तक्त्यावर नसते.

आजींनी कोंबाची साल उतरवली, टोकाकडचा कोवळा भाग ठेवला, बुडाचा निबर टाकला आणि विळीवर कीस पडावा इतका बारीक चिरला. एका सुनेने विचारलं, जाड फोडी चालणार नाहीत का? आजी म्हणाल्या, "जाड चिरशीन त आतलं कडू आतच रायते, माय." पहिलं पाणी उकळून पिवळट झालं तसं त्यांनी गंज तिरपा करून ते मागच्या नालीत ओतलं. दुसरं पाणी घातलं, तेही ओतलं. मग वास्ते मुठीत घेऊन पिळले आणि भिजवलेल्या चण्याच्या डाळीबरोबर फोडणीला टाकले.

यातली प्रत्येक कृती रसायनशास्त्राला धरून आहे. बांबूच्या कोंबात टॅक्सिफिलिन नावाचं द्रव्य असतं. कोंब चिरला, पेशी फुटल्या, की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. जितकं बारीक चिराल तितकं जास्त सुटतं. हे सायनाइड 26 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या गंजातून वाफेबरोबर उडून जातं. उरलेलं पाण्यात उतरतं आणि पाण्याबरोबर नालीत जातं. झाकण ठेवलं तर वाफ पुन्हा पाण्यात. म्हणजे तक्त्यावरचा दुसरा आणि तिसरा नियम वास्त्यांच्या बाबतीत सरळ उलटा करायचा असतो.

सेविका हुशार होती. तिने तक्ता खोटा ठरवला नाही, आजींनाही नाही. पालकाचं, चवळीच्या पाल्याचं पाणी ठेवायचं. वास्त्यांचं, कडू कंदाचं आणि लाखोळीच्या डाळीचं टाकायचं, एवढंच तिने सांगितलं आणि सुनांकडून वदवून घेतलं. कुणी घाईत "पालकाचं टाकायचं" म्हटलं की बाकीच्या हसत. मला वाटतं, स्वच्छतेच्या सरकारी शिकवणीत हीच जागा रिकामी असते. मुंबईत, पुण्यात बसून लिहिलेला नियम टोमॅटो-कोबीसाठी बरोबर असतो. जंगलाच्या कडेचं स्वयंपाकघर मात्र निम्मं अशा वस्तूंवर चालतं, ज्या आधी निर्विष कराव्या लागतात.

लाखोळीचा विषय निघाला तेव्हा हसणं थांबलं. इकडच्या झाडीपट्टीत लाखोळी माहीत नाही असं घर नाही. धान कापायच्या आधीच उभ्या पिकात, ओल्या चिखलात तिचं बी फेकतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धानाने मागे ठेवलेल्या ओलीवर ती वाढते. दुष्काळातही तग धरते आणि खोट तिथेच आहे, कारण सगळी पिकं जातात तेव्हा हीच उरते आणि माणसं तीच खात राहतात. विल्यम स्लीमन या, ठगांच्या बंदोबस्तामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या, इंग्रज अधिकाऱ्याने 1844 मध्ये छापलेल्या पुस्तकात आजच्या मध्य प्रदेशातल्या सागरकडच्या खेड्यांची हकीकत दिली आहे. गहू लागोपाठ बुडाला, लोक लाखोळीवर जगले आणि तरणीताठी माणसं कमरेखाली लुळी पडली. गुडघे वाकतात, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, चवड्यांवर काठी टेकत चालावं लागतं. जीव जात नाही. पाय परत येत नाहीत.

या लुळेपणाला कारण असलेलं लाखोळीतलं ओडॅप हे द्रव्य 1964 मध्ये वेगळं काढलं गेलं. त्याआधीच, 1961 मध्ये, लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली होती. बंदीने पेरणी थांबली नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढले, गरिबाच्या ताटातली प्रथिनं काढून घेऊ नका म्हणून. रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी ओडॅपचे वाण नंतर आले. पण कोठीत भरलेल्या डाळीकडे पाहून वाण कोण ओळखणार? शिवाय प्रमाणाचा मुद्दा आहे. भाताबरोबर वाटीभर वरण, सणाला वडे, अशा खाण्याने पाय जात नाहीत. दोन-तीन महिने पोटाचा मोठा भाग लाखोळीनेच भरला तर जातात. मध्य प्रदेशात रीवाकडे वेठबिगारांना मजुरी म्हणूनच लाखोळी मिळायची, आणि लंगडे त्यांच्यातच जास्त होते. जमीनदारही तीच डाळ खात होता, पण थोडी.

ओडॅप पाण्यात विरघळतं, हा सुटकेचा मार्ग. सेविकेने डाळीच्या चौपट पाणी उकळलं, डाळीवर ओतलं आणि दोनेक तास तसंच ठेवलं. मधल्या वेळात हात धुण्याचा पाठ झाला, कच्चं मटण चिरलेल्या विळीवर कांदा चिरू नये हेही झालं. मग पाणी निथळलं, डाळ पुन्हा धुतली आणि नव्या पाण्यात शिजायला घातली. थंड पाण्यात भिजवूनही थोडं ओडॅप जातं, पण गरम पाण्यात कितीतरी जास्त. 1960च्या दशकात हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेने, आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, घरी करता येईल अशी हीच रीत सुचवली होती. थोडी जीवनसत्त्वंही त्या पाण्याबरोबर जातात. जाऊ द्यावीत.

मग एका सुनेने ओच्यातून पुडी सोडली. सकाळी वारुळापाशी सापडलेल्या सात्या, म्हणजे रानातल्या खायच्या छत्र्या. आजींनी एकेक हातात घेतली, देठ खाली जमिनीत किती खोल गेला होता ते विचारलं, आणि दोन बाजूला काढून टाकल्या. का, हे त्यांना नीट सांगता येईना. "हे आपली नाई," एवढंच. इथे उकळणं, धुणं, पाणी बदलणं यातलं काहीच कामाचं नाही. जीवघेण्या छत्रीतलं विष उकळून मरत नाही. चांदीचं नाणं काळं पडतं का पाहणं, लसूण टाकून बघणं, किड्यांनी खाल्लेली म्हणजे चांगली समजणं, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. सगळ्यात वाईट छत्र्या सहा-सात तासांनंतर, कधी त्याहून उशिरा उलट्या आणतात. मग एखादा दिवस बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत जातं. सेविकेने सांगितलं की उलटी थांबली तरी दवाखान्यात न्यायचं आणि उरलेली छत्री सोबत न्यायची.

उरलेल्या भातावरून थोडी चकमक झाली. दोन तासांच्या वर शिजलेलं अन्न बाहेर ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच सूत्रांत आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 47 च्या पुढे जातो आणि अंगणवाडीत जमलेल्या बायकांपैकी मोजक्याच जणींच्या घरी फ्रिज. रोवणीला जाणारी बाई पहाटे रांधते आणि दुपारी बांधावर खाते. यावर सेविकेकडे पक्कं उत्तर नव्हतं. रात्रीचा भात सकाळी गरम केला तरी त्यात तयार झालेलं विष जात नाही, म्हणून एका वेळेपुरताच रांधा, इतकंच ती म्हणाली. एकीने लगेच विचारलं, दोनदा चूल पेटवायला सरपण कोण आणून देणार?

पाण्याचाही हिशेब निघाला तो असाच. वास्ते पावसाळ्यात येतात, तेव्हा दोन पाणी ओतून देणं जड जात नाही. लाखोळी मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि नवी डाळ शिजते ती भर उन्हाळ्यात, हातपंपाला धार लागेनाशी होते तेव्हा. चौपट पाणी डाळीवर घालून फेकायचं म्हणजे हंड्याची एक खेप जास्त. ती खेप सासू मारणार की सून, यावर अंगणवाडीत बराच वेळ बोलणं चाललं होतं.