नंबर जुळतो, टायर जुळत नाही

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे टायरच्या धंद्याला इथे कधी मरण नाही. रिमोल्डवाले, पंक्चरवाले, जुन्या डिस्कांच्या थप्प्या लावून बसलेले भंगारवाले, सगळे आहेत. जळगावात अजिंठा चौफुलीच्या आसपास तोच पसारा. ट्रकचं, ट्रॅक्टरचं, छोट्या हत्तीचं, बैलगाडीचं, मागाल ते रबर मिळतं. मात्र कोणी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचा नंबर सांगितला, की उत्तर ठरलेलं असतं: "भाऊ, हा नंबर बंद झाला. पण बसेल असं देतो."

हौशी माणसाची गाडी अडते ती याच "बसेल असं"पाशी. इंजिनाचं काम जमतं, पत्र्याचं जमतं, गादीवाला तर गल्लोगल्ली आहे. चाक आणि टायर मात्र घरी घडवता येत नाहीत, आणि गाडीचा रस्त्याशी संबंध तेवढ्यापुरताच असतो.

आपल्याकडे जुन्या गाड्यांचा शौक म्हणजे मुख्यतः विलिसच्या जातकुळीतली जीप, कुर्ल्याला प्रीमियरने बनवलेली फियाट, अँबॅसेडर आणि क्वचित एखादी स्टँडर्ड हेराल्ड. खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणाव्यात अशा एमजी, ट्रायम्फ, जग्वार या मुंबई-पुण्याच्या मेळाव्यांत दिसायच्या. खानदेशात अशी गाडी आलीच, तर ती तिकडूनच विकत घेऊन ट्रकवर चढवून आणलेली असते. पण टायरचं दुखणं जीपला आणि एमजीला एकच, म्हणून सुरुवात जीपपासून करतो.

जुन्या जीपचा टायर ६.००-१६. हा आकडा खेड्यातल्या पोरालाही पाठ असतो, कारण ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचाही तोच. बाजाराच्या कुठल्याही गावी ६.००-१६ हमखास मिळतो, आणि तो जीपच्या डिस्कवर चढतोसुद्धा. घोळ इथेच आहे. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरला गोलाकार तीन पट्ट्या असतात. नांगरटीत चाक सरळ राहावं, वळताना मातीत धरून राहावं, यासाठी त्या असतात. तो टायर ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या वेगासाठी बनवलेला असतो. पारोळा रस्त्याला जीप सत्तरने हाणली आणि समोर एसटी आली, म्हणजे ब्रेकवर पाय ठेवल्यावर काय होईल ते सांगायला नको. डांबरावर त्या तीन पट्ट्यांची पकड जेमतेम असते. नंबर जुळला म्हणून टायर जुळला, असं होत नाही.

बैलगाडीच्या टायरचं तर विचारूच नका. आपल्याकडे रबरी चाकाच्या गाडीला अजून डनलॉप म्हणतात. या टायरांची १९ इंची मापं, ६.००-१९ आणि ७.००-१९, आजही देशात बनतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कित्येक मोटारींची चाकंही १९ इंचांची. १९४५ मध्ये आलेल्या एमजी टीसीला ४.५०-१९ लागतं. तेव्हा स्वस्तातला मार्ग डोळ्यांपुढे येतोच. प्रदर्शनात ढकलत नेऊन उभी करायची गाडी असेल तर एकवेळ ठीक. पण ही टायरं बैलाच्या चालीसाठी असतात. मोटारीच्या वेगाशी त्यांचा काही संबंध नाही.

जीपवाल्यांनी मात्र एक शहाणा उपाय काढला आहे. विलिसच्या चाकाला पाच स्टड आणि त्यांचं वर्तुळ १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच. मारुती जिप्सी आणि बोलेरो यांचंही तेवढंच. म्हणून त्यांच्या १५ इंची डिस्क जीपला बसतात आणि १५ इंची रेडियल टायर कुठेही मिळतात. रूप थोडं बदलतं, पण रस्त्यावर गाडी ताब्यात राहते. हौस आणि जीव यांत निवड करायची वेळ आली, तर मी रूपावर पाणी सोडेन.

हे वर्तुळ मोजायला अवघड नाही. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर म्हणजेच वर्तुळाचा व्यास. पाच भोकांत समोरासमोर भोक येत नाही, तेव्हा शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजून १.७०१ ने गुणायचं. जीपच्या चाकात हे अंतर सुमारे ८२ मिलिमीटर भरतं. आणि विलिसच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. स्टडच्या टोकावर कोरलेलं 'एल' न बघता नवखा मिस्त्री नेहमीसारखा पाना फिरवतो, नट आणखी आवळतो आणि शेवटी स्टडच तोडतो.

स्टँडर्ड हेराल्ड मद्रासला १९६१ ते १९७१ बनली. मूळ ट्रायम्फ हेराल्ड, आणि तिच्याच चासीतून घडलेली दोन आसनी ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे हेराल्डवाल्याच्या घरी स्पोर्ट्स कारचं नातं आहे. मूळ टायर ५.२०-१३, नायलॉनच्या काळातला. आज त्याला जवळचं माप १५५/८० आर १३. हिशोब सोपा आहे: १५५ चे ८० टक्के १२४, त्याची दुप्पट २४८, त्यात १३ इंचांचे ३३० मिलिमीटर मिळवले की चाकाची उंची ५७८. जुन्या मापाच्या ती अगदी शेजारी येते. हा नंबर आजच्या छोट्या गाड्यांना लागतो, म्हणून तो दुकानात असतो. एमजीबीवाल्याचं नशीबही चांगलं आहे. तिच्या १६५ मापाच्या १४ इंची टायरच्या जागी १६५/८० आर १४ चालतो, आणि तो आपल्या स्विफ्टला लागायचा.

अडतं ते डिस्कपाशी. हेराल्डच्या चार स्टडांचं वर्तुळ ९५.२५ मिलिमीटर, आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचं १००. फरक पाच मिलिमीटरचाही नाही, म्हणून लेथवाल्याकडे नेऊन भोकं ओढून लांबट करतात आणि ठोकून बसवतात. असलं काम करून घेऊ नये. लांबट भोकात नट चाकाला मध्यावर धरत नाही, चाक हादरतं, स्टडवर सतत ताण येतो. त्याऐवजी मूळ डिस्क शोधावी, गंज घासून काढावा, वेल्डला भेग नाही ना ते बघावं आणि तीच रंगवून वापरावी. मुंबईच्या कुर्ल्यात, पुण्याच्या नाना पेठेत आणि कोलकात्याच्या मल्लिक बाजारात नजर असलेल्या माणसाला अजून वस्तू मिळतात.

तारेच्या चाकांची गोष्ट वेगळी. एमजीबीच्या चाकाला ६० तारा असतात. सायकलवाला जसा चाकातला आऊट काढतो, तसाच यातलाही काढावा लागतो, फक्त भार बराच जास्त. तारांच्या निपलमधून हवा निसटते, म्हणून आत ट्यूब हवीच. मध्यभागी एकच मोठा नट, तोही गाडीच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट आट्याचा. गंमत अशी, की चेन्नईजवळच्या पाडीतल्या व्हील्स इंडिया या कारखान्याने जुन्या ब्रिटिश गाड्यांची तारेची चाकं बनवून परदेशी पाठवली आहेत. इंग्लंडातला हौशी आपल्याकडचं चाक लावतो, आणि आपण इंग्लंडात चौकशी करत बसतो.

उन्हाचा मुद्दा खानदेशात सगळ्यांत मोठा. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. हौशी माणसाची गाडी महिन्यातून एकदा बाहेर पडते, म्हणून टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि मालक खूश असतो. पण रबरात मिसळलेलं मेण टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येतं आणि रबराला जपतं. उभ्या गाडीत ते येत नाही, आणि बाजूच्या भिंतीला बारीक तडे जातात. म्हणून नक्षीपेक्षा वय बघा. टायरवर चार आकडे असतात: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर टायर बाद, हा कंपन्यांनीच सांगितलेला हिशोब. दुकानदाराने "नवाच आहे, गोडाऊनमधला" म्हटलं, तरी आधी हे आकडे वाचा.

ज्या गाडीला बाजारातला टायर चालणारच नाही, तिला परदेशाकडे बघावं लागतं. ताशी २४० किलोमीटर वेगाचा दावा असलेल्या जग्वार ई-टाइपला स्विफ्टचं टायर लावून भागत नाही. जुन्या मापाची टायरं आजही बनतात. अमेरिकेतली कोकर टायर १९५८ पासून या धंद्यात आहे, आणि पिरेलीने जुन्या गाड्यांसाठी वेगळी मालिकाच काढली आहे. पण जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरची आयात मुक्त यादीतून काढून 'प्रतिबंधित' यादीत टाकली. देशी कारखान्यांना संरक्षण हवं होतं, हे समजण्यासारखं आहे. पण जो नंबर देशात कोणी बनवतच नाही, त्याच्या चार टायरांनी कुणाचा धंदा बुडणार होता?

त्याच सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकींसाठी 'व्हीए' नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. मूळ रूप जपायला सांगायचं आणि त्या रूपाच्या टायरची वाट अडवायची, ही विसंगती दूर व्हायला हवी. व्हीए नोंदणी असलेल्या गाडीला वर्षाला एक संच आणू दिला, तरी पुरे.

तोवर एक विनंती. जुन्या जिनिंगच्या आवारात, वाड्याच्या पडवीत, शेतातल्या गोठ्यात मोटारीची एखादी डिस्क पडलेली असेल, तर भंगारवाल्याला किलोवर घालण्याआधी तिची भोकं मोजा, आतल्या बाजूला कोरलेले आकडे उतरवून घ्या आणि जवळच्या गॅरेजवाल्याला कळवा. कुणाची तरी गाडी तेवढ्यासाठी अडून असते.