देवाला कौल लावा, औषधही घ्या

रायगड जिल्ह्यातल्या तळा तालुक्यात, किंवा जिल्ह्याच्या किनारपट्टीच्या कुठल्याही गावात, घरातलं माणूस रात्ररात्र जागू लागलं, एकटंच बडबडू लागलं, की आधी भगताला बोलावणं जातं. कौल लावतात, उतारा टाकतात. यावरून शहरातले लोक पटकन ठरवतात की हा अडाणीपणा आहे आणि शिक्षण वाढलं की तो आपोआप जाईल. हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण चित्र देशाचं होतं : निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. एवढे सगळे काही भगताच्या अंगणात बसलेले नसतात. मुंबईत नोकरी करणारा, शिकलेला चाकरमानीही भावाचा आजार लपवतो, कारण बहिणीचं लग्न जमायचं असतं.

माझ्या मते खरी अडचण या लाजेत आहे. ‘करणी केली’, ‘बाहेरचं लागलं’ म्हटलं की दोष बाहेरच्याचा ठरतो, घराण्याला बट्टा लागत नाही. डॉक्टरची चिठ्ठी मात्र ‘वेड्याचं घर’ असा शिक्का मारेल, ही भीती असते. शिवाय भगत हाकेच्या अंतरावर असतो, आपल्या बोलीत बोलतो, सगळ्या घराला समोर बसवून ऐकून घेतो. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. रायगडात एकही नाही. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. मग माणसं जवळची वाट धरतात, यात नवल नाही.

पण या वाटेवर जो वेळ जातो तो महाग पडतो. ओल्या बाळंतिणीचं उदाहरण घ्या. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत एखादी बाई झोपेनाशी होते, असंबद्ध बोलते, बाळाकडे संशयाने पाहते, ‘हे माझं नाही’ म्हणते. घरात लिंबू-मिरच्या ओवाळल्या जातात, धुपाटणं फिरतं, खोलीचं दार लावून घेतलं जातं. हा प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार असतो. तो हजार बाळंतिणींत एखाद-दोघींना होतो आणि वेळेवर औषध मिळालं तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. उशीर झाला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. इथे अमावस्येची वाट पाहणं परवडत नाही.

‘देवळात राहून माणसं बरी होतात, हे डोळ्यांनी दिसतं’, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. तामिळनाडूतल्या एका देवळात राहिलेल्या रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. लक्षणांची तीव्रता सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात दिसलं. तिथे मारझोड नव्हती. आसरा आणि आपुलकी होती. श्रद्धेने मनाला आधार मिळतो, तो कोणी हिरावून घेऊ नये. पण त्याच राज्यात एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून गेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मनाई केली आहे.

‘गोळ्या सुरू केल्या की जन्माची सवय लागते’, ही भीतीही सर्रास ऐकू येते. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे खरं. नैराश्यावरच्या औषधांची तशी ओढ लागत नाही. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात आणि ती डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळूच थांबवायची असतात. प्रत्येकाला गोळ्याच लागतात असंही नाही. गोव्यात ‘संगत’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशन शिकवलं. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलणं केलं. तीन महिन्यांनी त्या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ही बोलणी न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. भगताकडे लोक ज्यासाठी जातात ते जवळ असणं, आपली भाषा आणि निवांत ऐकून घेणं आरोग्यकेंद्रातही मिळू शकतं, हे यातून सिद्ध झालं. तळ्यासारख्या तालुक्याला अशी माणसं हवी आहेत आणि ती मागण्याचा हक्क आपल्याला आहे.

तोवर घरात कुणात असं काही दिसलं, तर देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, पण त्याच दिवशी १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांकही लावा. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.