डोक्याला जबर मार: कोणते डॉक्टर कशासाठी?

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला आधी कॅज्युअल्टीतले डॉक्टर पाहतात. श्वास आणि रक्तदाब सांभाळत ते ग्लासगो कोमा स्केलवर शुद्ध मोजतात. पूर्ण शुद्ध म्हणजे १५. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे इजा गंभीर. मग सीटी स्कॅन होतो.

न्यूरोसर्जनला बोलावले म्हणजे ऑपरेशन होणारच, असे नाही. रक्त साकळून मेंदूवर दाब येत असेल तर ते काढावे लागते. पुष्कळ रुग्णांना मात्र आयसीयूत फक्त लक्ष ठेवून सांभाळतात. "डॉक्टर काहीच करत नाहीत," असे नातेवाईक म्हणतात; पण ऑक्सिजन आणि रक्तदाब घसरू न देणे हाच तिथला मोठा उपचार असतो. झटके येत राहिले तर न्यूरोलॉजिस्टची मदत घेतात.

त्यानंतरचे तज्ज्ञ बरेचदा राहून जातात. चालण्यासाठी फिजिओथेरपिस्ट लागतो, आंघोळ-कपड्यांसारख्या कामांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलायला शिकवतात, हा गैरसमज आहे. ते गिळणेही तपासतात. पाणी पिताना ठसका लागत असेल तर प्रेमाने भरवू नका, आधी त्यांना दाखवा. अन्न फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो.

शांत माणूस चिडका, विसराळू झाला तर तो मुद्दाम करत नाही. मेंदूच्या इजेमुळे असे होते. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा न्यूरोसायकॉलॉजिस्ट असतात. डिस्चार्जच्या कागदावर यांची नावे नसतील तर विचारून घ्या.

घरी उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा झटका आला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत न्या.